‘असाच’ आवाज नसतो गं

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, गाडी आवाज करतेय.’ मी विचारलं, कसला? तर म्हणालीस, ‘असाच.’ तू दमलेली होतीस, आवाजही रडवेला झाला होता, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. पण ते डोक्यातून जाईना, तेव्हा आज स्वयंपाक उरकून निवांत लिहायला बसलेय. अगं, गॅरेजमध्ये सगळ्यात महाग पडणारा शब्द कोणता असेल तर तो हा ‘असाच’.

बाबांची एटहंड्रेड तू विकली नाहीस, याचं मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! 2007 ची गाडी, पंधरा वर्षं झाल्यावर बाबांनी स्वतः आरटीओत उभं राहून तिचं पासिंग करून घेतलं होतं. कंपनीने ही गाडी बनवणं 2014 च्या जानेवारीत थांबवलं, तरी तिचे पार्ट अजून मिळतात आणि तिचं काम माहीत नाही असा मेकॅनिक तुला शोधूनही सापडायचा नाही. तेव्हा तिला घाबरू नकोस. फक्त एक लक्षात ठेव. नवी गाडी काही बिघडलं की डॅशबोर्डवर दिवे लावून सांगते. ही आपली आवाजाने सांगते, वासाने सांगते, पायाखालच्या पेडलने सांगते. ते ऐकायचं कसं, हे तुला कुणी शिकवलं नाही. मलाही शिकवलं नव्हतं, मी पैसे मोजून शिकले.

ही गोष्ट आईलाही माहीत नाही. लग्नानंतर आम्ही पहिली जुनी गाडी घेतली, तेव्हाची. क्लच दिवसेंदिवस जड होत गेला. गियर पडेना, रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज यायचा. मी एका गॅरेजमध्ये गेले आणि मला खूप कळतं असं दाखवायला ठामपणे सांगितलं, ‘क्लच गेलाय.’ त्यांनी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवं बसवलं. मजुरीसकट एवढं बिल झालं की त्या महिन्यात भिशीचा हप्ता चुकला. गाडी घेऊन निघाले आणि पुढच्या चौकात पुन्हा तोच जडपणा! दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या वयस्क मिस्त्रींनी बॉनेट उघडून क्लचची केबल बोटांत धरून मला दाखवली. आतल्या बारीक तारा एकेक करून तुटत चालल्या होत्या, तुटलेली टोकं झाडूच्या काड्यांसारखी बाहेर आली होती आणि कव्हरमध्ये अडकत होती. काही शे रुपयांची केबल, अर्ध्या तासाचं काम. त्या पहिल्या गॅरेजवर मी बरीच वर्षं राग धरून होते. त्यांनी तपासायला हवं होतं, हे खरंच. पण रोगाचं नाव मी घेतलं होतं, त्यांनी नव्हे.

म्हणून माझं तुला एकच सांगणं आहे. गॅरेजमध्ये गेलीस की रोगाचं नाव घेऊ नकोस, लक्षण सांग. आई डॉक्टरांकडे गेली की कशी सांगते, आठवतं? ‘जेवल्यावर अर्ध्या तासाने इथे, बरगडीच्या खाली कळ येते, डाव्या कुशीवर झोपलं की कमी होते.’ मला ॲसिडिटी झालीय, असं ती कधी म्हणत नाही. तसंच गाडीचं. सकाळी गार इंजिनावर होतं की अर्धा तास चालवल्यावर? उभ्या गाडीत होतं की चालत्या? वळताना, ब्रेक दाबताना, की खड्ड्यातून जाताना? डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेव आणि जे घडेल ते तारखेसकट दोन ओळींत लिही. बाबांचीही अशी वही होती, पेट्रोलच्या पावत्यांच्या पिशवीत असेल बघ.

आता तुझ्या आवाजाचं. आधी तो इंजिनाचा की चाकांचा, एवढं वेगळं काढ. गाडी उभी कर, न्यूट्रलमध्ये थोडी रेस दे. रेसबरोबर आवाज वाढला तर तो इंजिनाकडचा. उभ्या गाडीत येतच नसेल, तर सकाळी लवकर मोकळ्या सरळ रस्त्यावर जा, थोडा वेग आला की क्लच दाबून गाडी तशीच वाहू दे. इंजिन शांत झालं तरी आवाज चालूच राहिला, वेगाबरोबर कमी-जास्त झाला, तर तो चाकांकडचा. पाच मिनिटांचं काम आहे हे, पण एवढं सांगितलंस तरी मेकॅनिकचं निम्मं शोधकाम वाचतं.

चाकांकडच्या आवाजांच्या जाती ओळखायला सोप्या आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून पार्किंगमधून बाहेर काढताना टक-टक-टक असा ठोका आला, तर पुढच्या ॲक्सलचा जॉइंट बघायला सांग. त्या जॉइंटवर रबरी बूट असतो, तो फाटला की ग्रीस उडून जातं आणि धूळ-पाणी आत शिरतं. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस शिंतडलेलं दिसलं की समज, बूट फाटलाय. तेव्हाच बदललास तर थोडक्यात भागतं, ठोका यायला लागल्यावर जॉइंटच बदलावा लागतो. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ अशी घरघर असेल तर बेअरिंग. लांब डाव्या वळणावर ती वाढली तर बहुधा उजवीकडचं, कारण तेव्हा भार उजव्या चाकावर येतो. स्पीडब्रेकरवर खडखड किंवा धप्प झालं, तर बुश नाहीतर शॉकअप. ही खडखड जुन्या गाडीत थोडीफार असतेच, तिच्यासाठी झोप घालवू नकोस.

ब्रेकच्या बाबतीत मात्र थांबायचं नाही. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकना खर्र करते, तो डिस्कवरचा गंज, लगेच जातो. पण रोजच प्रत्येक ब्रेकला लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, तर पॅड संपलेत. पेडल स्पंजासारखं मऊ लागलं, एकदा दाबून पुरेना, दोनदा दाबावं लागलं, किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जायला लागलं, तर गाडी तिथेच ठेव आणि रिक्षाने ऑफिसला जा. मेकॅनिकला घरी बोलव. त्या दिवशी उशीर झाला तरी चालेल.

सकाळी गाडी सुरूच होत नाही, हे तुझ्यावर एकदा येणारच. त्या वेळी किल्ली फिरवत बसू नकोस, हेडलाइट लाव आणि मग एकदाच सेल्फ मार. दिवे एकदम मंद झाले आणि आतून टकटकटकटक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरलीय किंवा तिची टर्मिनल सैल झालीत. दिवे तसेच लख्ख राहिले आणि एकच जड ‘टक’ होऊन सगळं गप्प झालं, तर सेल्फचं काम निघालंय. आणि सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाहीये, तर बॅटरीला दोष देऊ नकोस, पेट्रोल चढत नाही किंवा करंट येत नाही. किल्ली अर्धी फिरवून कान दे, मागच्या सीटच्या बाजूने एक-दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो पेट्रोलचा पंप. रोज ती ऐकायची सवय लाव, म्हणजे ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी कळेल.

बॅटरी बदलायला धावण्याआधी टर्मिनल बघ. त्यांच्यावर पांढरट-हिरवट भुकटी साचते, अगदी जुन्या पितळी भांड्याच्या कडेला येते तशी. तेवढ्यानेही करंट जात नाही. खायचा सोडा घातलेलं गरम पाणी आणि जुना टूथब्रश, बस. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. दोन-तीनशे रुपयांत एक मल्टिमीटर मिळतो, तो घेऊन ठेवच. गाडी रात्रभर उभी असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 म्हणजे निम्मी. गाडी सुरू केल्यावर 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. तिथेही 12 च राहिले तर बॅटरी बिचारी निर्दोष आहे, अल्टरनेटर चार्ज करत नाहीये किंवा त्याचा बेल्ट घसरतोय. नवी बॅटरी टाकूनही ती आठ दिवसांत उतरते आणि लोक दुकानदाराशी भांडतात, ते याच कारणाने.

पावसात गाडी धक्के देत चालली, एक सिलिंडर मारत नाहीये असं वाटलं, तर त्याला मिसिंग म्हणतात. आपल्या गाडीला सिलिंडरच तीन, त्यातला एक गेला की लगेच अंगाला जाणवतं. जुन्या प्लगच्या वायरींना बारीक तडे जातात आणि ओल लागली की करंट वाटेतच सांडतो. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर कधीकधी वायरीवर निळसर ठिणग्या चमकताना दिसतात. लांबून बघायचं हं, हात लावायचा नाही, आणि ओढणी, केस बेल्टपासून दूर. शिवाय पावसाळ्यात ऊब शोधत उंदीर बॉनेटमध्ये येतात आणि वायरी कुरतडतात. अचानक एखादा दिवा, वायपर बंद पडला तर आधी तिथे बघायला सांग.

आता जे सांगायला मी खरं बसलेय ते. बाबांच्या उजव्या मनगटावरचा तो गुळगुळीत डाग आठवतो? तू लहानपणी त्यावर बोट फिरवायचीस. तो रेडिएटरच्या कॅपने भाजल्याचा होता. गाडी गरम झाली म्हणून त्यांनी फडकं धरून कॅप फिरवली आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं हातावर आलं. आत दाब असतो गं, त्या दाबामुळेच ते पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि कॅप सैल झाली की क्षणात वाफ होतं. गरम इंजिनावर त्या कॅपला कधीच हात लावायचा नाही. कुणी मदतीला आला आणि उघडायला लागला, तर त्यालाही अडव.

आणि माझी चूक ऐक. मे महिना, पुण्याहून साताऱ्याला येत होते, आई शेजारी, खंबाटकीचा चढ. पुढे ट्रक, मागे ट्रक, एसी चालू. तापमानाचा काटा मधून वर सरकताना मला दिसला. मी मनात म्हटलं, आता घाटमाथा आलाच, एवढं चढून जाऊ. काटा एचला टेकला तरी मी एकदीड किलोमीटर तशीच चालवली. मग पिकअपच गेला, गोडसर वासाची वाफ आली आणि गाडी बंद पडली. हेड गॅस्केट उडालं होतं, हेड वाकलं होतं. ते उतरवून लेथवर फेसिंग करून आणावं लागलं, आठ दिवस गाडी गॅरेजमध्ये आणि आई त्या उन्हात दीड तास रस्त्याच्या कडेला बसून. मला तिचा तो घामेजलेला चेहरा अजून विसरता येत नाही. काटा वर जाताना दिसला तेव्हाच थांबले असते तर कदाचित एका पाइपवर भागलं असतं.

तेव्हा काटा नेहमीच्या जागेवरून हलला की पहिलं एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. उन्हाळ्यात हे वेडेपणाचं वाटेल, पण इंजिनाची उष्णता त्या वाटेने आत खेचली जाते आणि थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत तेवढा वेळ मिळतो. जागा मिळाली की बाजूला घे, इंजिन बंद कर, बॉनेट उघड आणि किमान अर्धा-पाऊण तास काही करू नकोस. गरम इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. गार झाल्यावरच कूलंट बघायचं.

मेकॅनिकसाठी यातलं लक्षण कोणतं, तर गाडी कुठे गरम होते हे. सिंहगड रोडच्या गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, असं असेल तर रेडिएटरचा पंखा लागत नाहीये, त्याचा स्विच, रिले नाहीतर मोटर. उलट, हायवेला वेगात किंवा चढावर चढतो, तर कूलंट कमी, रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पाण्याचा पंप. आणि कूलंट सारखं कमी होतंय पण खाली थेंब पडत नाही, सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर येतोय, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसतेय, हे तिन्ही एकत्र असतील तर गॅस्केट. नुसती साय दिसली तर घाबरू नकोस. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली की इंजिन पुरेसं तापत नाही आणि दमटपणामुळे ती धरते. एकदा लांबवर फिरवून आण आणि पुन्हा बघ.

थेंब पाहायला सर्वात सोपी युक्ती म्हणजे रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरायची. सकाळी डाग कुठे आहे, रंग कोणता, बोटाला कसा लागतो, ते बघ. एसीनंतर पुढच्या सीटच्या खालच्या बाजूला पडलेलं साधं पाणी असेल तर ते नुसतं एसीचं. हिरवं किंवा गुलाबी, बुळबुळीत, म्हणजे कूलंट. इंजिनाखाली काळं-तपकिरी, म्हणजे ऑइल. चाकाजवळ फिकट पिवळं, तेलकट, म्हणजे ब्रेक ऑइल, आणि मग मघाशी सांगितलेली रिक्षा. तो कागद फेकू नकोस, घडी घालून गॅरेजला ने. आणि पेट्रोलचा वास आला तर डागाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायची. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल मिळतं, आपल्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते. ते सगळे पाइप एकदा नवे करून घे, हा खर्च मी देते.

धुराचं थोडक्यात. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, एअर फिल्टरपासून सुरुवात. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. फक्त सकाळी सुरू करताना एक झोत येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील, चढावर रेस देताना सतत येत असेल तर रिंगा. सीलसाठी इंजिन पूर्ण खोलायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या ठिकाणी विचार. थंडीत पहाटे सायलेन्सरमधून येणारी विरळ पांढरी वाफ काहीच नसते.

टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते बाबांच्या वहीत शोध. तो तुटण्याआधी बहुधा काहीच कळत नाही, इंजिन चालता चालता एकदम बंद पडतं. नोंद सापडली नाही तर बदललेला नाही असं धरून चाल. तसंच टायर. बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. 2318 असेल तर 2018 सालातल्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी छान दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं.

गॅरेजमध्ये तुला बाई बघून कुणी घाईने म्हणेल, ‘ताई, तुम्ही ठेवून जा, आम्ही बघतो.’ ठेवून जा, पण आधी त्याला शेजारी बसवून एक फेरी मार आणि तो आवाज त्याच्या कानाला ऐकव. काढलेला पार्ट मला परत द्या, हे काम सुरू व्हायच्या आधी हसून सांग. तिथे अविश्वासाचा प्रश्न नाही, चांगले मेकॅनिक स्वतःहून दाखवतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या की बरं कशाने झालं ते ना तुला कळत, ना त्याला.

रविवारी मी सकाळच्या विनाथांबा गाडीने येतेय, साडेनऊपर्यंत स्वारगेटला पोहोचेन. मला घ्यायला गाडी घेऊन येऊ नकोस, मी रिक्षाने येते. शनिवारी रात्री गाडीखाली कागद अंथरून ठेव, वही शोधून ठेव, आणि मी येईपर्यंत किल्लीही लावू नकोस. इंजिन मला गारच हवंय.